पाय धुता येतील. धुऊन घेता येतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आमच्या मंडळीच्या तरुण संघातले आम्ही १४ जण १० दिवसांच्या मिशन ट्रिपला निघालो आहोत. एका वस्तीत घरदुरुस्ती, आरोग्य तपासणी आणि मुलांचे वर्ग असं काम आहे. माझी पहिलीच वेळ. तिथे दिवसभर मजुरी करायची की ख्रिस्ताबद्दल बोलायचं? इतकं राबल्यावर प्रार्थनेला जीव उरतो का? आणि खरं सांगायचं तर घरी माझा विश्वास काही फार धगधगता नाही. तिथे जाऊन ढोंग तर होणार नाही ना?”

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्याच्याच पोटात आहेत.

मी पेशाने नर्स. गेली १९ वर्षं अशा दौऱ्यांवर जाते आहे. आधी नुसती टीममधली एक म्हणून जायचे, मग हळूहळू टीम सांभाळायची वेळ आली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. “माझा विश्वास बेताचाच आहे हो” असं म्हणत आलेली माणसं सहसा नीट वागतात. मला धास्ती वाटते ती पेटून आलेल्यांची. देवाने तिथे काय करायचं हे त्यांनी निघायच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि वस्तीतल्या माणसांनी त्यात आपापली भूमिका तेवढी पार पाडायची असते.

ढोंग होईल का? पहिले तीन दिवस होईल. सगळ्यांचंच होतं, माझंही होतं. आवाज मऊ होतो, “भाऊ, तुम्ही आधी घ्या” सुरू होतं. चौथ्या दिवशी ते गळून पडतं. झोप अपुरी, अंग आंबलेलं, चौदा जणांत एक मोरी, आणि कुणीतरी तुमचा टॉवेल वापरलेला. तिथून पुढे जो माणूस दिसतो तो तुमच्या घरचे ओळखतात तोच. त्यामुळे विश्वास वाढवून न्यायची खटपट करू नका. घरी जेवढा आहे तेवढाच बॅगेतून जातो, आणि तेवढा पुरतो, कारण लागणारी गोष्ट वेगळीच आहे.

ती कोणती, हे सांगण्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानातला १३ वा अध्याय काढते. दौऱ्याआधीच्या प्रत्येक तयारीवर्गात तो वाचला जातो: येशूने कमरेला रुमाल बांधला, शिष्यांचे पाय धुतले, तसे आपणही धुवायला चाललो आहोत. बरोबर आहे. पण त्या गोष्टीत अडून बसतो तो पेत्र, आणि तो अडतो ते स्वतःचे पाय पुढे करताना. “माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत,” असं तो म्हणतो. बोलणं नम्रपणाचं वाटतं, आत मात्र अहंकार आहे. येशू त्याला स्पष्ट सांगतो की मी धुतले नाहीत तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मिशन ट्रिपला गेलेली दहातली नऊ माणसं याच जागी पेत्र असतात. द्यायला एका पायावर तयार, घ्यायची वेळ आली की हात मागे.

मीही तशीच होते. एका वस्तीत आम्ही एका वयस्क बाईंच्या घरात कोबा घालत होतो. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. चौथ्या दिवसाची दुपार. मी गुडघ्यांवर बसून रंधा फिरवत होते. सिमेंटने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. हातमोजे मी दुसऱ्या एका मुलीला देऊन टाकले होते आणि मनातल्या मनात ते जमेलाही धरलं होतं. आजी दारात आल्या, हातात पाण्याचं भांडं. खुणेने म्हणाल्या, हात पुढे कर. मी म्हटलं, “असू द्या आजी, एवढं उरकून धुते.” माल सुकत होता हे काही खोटं नव्हतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. आमच्यासाठी दुभाष्याचं काम करणारा मुलगा हळूच म्हणाला, “ताई, सकाळपासून तिसऱ्यांदा आल्यात. घरभर तुमची माणसं, त्यांना बसायला जागा नाही आणि करायला काही नाही.”

मी उठले. त्यांनी एकेक बोट धरून धुतलं, नखांतलं सिमेंट काडीने काढलं, फडक्याने हात टिपले आणि चिरांवर तेल लावलं. दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात कोपऱ्यातला माल घट्ट झाला आणि रंध्याची कड तिथे कायमची उमटून राहिली. आजी मात्र त्यानंतर माझ्याशी बोलायला लागल्या. त्याआधीचे तीन दिवस त्या फक्त आभार मानत होत्या.

पाय धुण्याचा तो अध्याय मला तोंडपाठ होता. पेत्राच्या जागी मी बसले आहे हे मात्र त्या दुपारपर्यंत सुचलं नव्हतं.

एकदा हे ध्यानात आलं की पवित्र शास्त्रात ते जागोजाग दिसायला लागतं. लूकच्या १० व्या अध्यायात येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो आणि थैली, झोळी, वहाणा काहीच नेऊ देत नाही. ज्या घरात घेतील तिथेच राहा, ते देतील ते खा-प्या, घरं बदलत फिरू नका, असं बजावतो. म्हणजे पाठवतानाच त्याने त्यांना परावलंबी करून पाठवलं. योहानाच्या ४ थ्या अध्यायात शोमरोनी स्त्रीशी त्याचं पहिलं वाक्य “मला प्यायला दे” हे आहे. जिवंत पाण्याचा विषय नंतर निघतो. पुढे तिच्या गावकऱ्यांनी विनंती केली म्हणून तो तिथे राहिला, आणि राहिला तो दोनच दिवस. आपण १० दिवस जातो आणि बहुधा विनंती आपलीच असते! प्रेषितांची कृत्ये २८ मध्ये जहाज फुटून पौल माल्टा बेटावर पोचतो तो गारठलेला, मोकळ्या हातांनी. तिथले लोक शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतात, आणि पौल काय करतो, तर काटक्या गोळा करतो. बेटावरच्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना त्यानंतरची. हा क्रम डोक्यात ठेवा: आधी त्यांच्या शेकोटीला बसायचं, तिच्यासाठी काटक्या आणायच्या, आणि मग काय ते बाकीचं.

आता कामाचं. मजुरी की सुवार्ता, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या मंडळीत दोन गट असतील: एक म्हणेल की बोललं नाही तर गेलोच कशाला, दुसरा म्हणेल की काम हीच साक्ष, तोंड उघडूच नका. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जगभरचे सुवार्तिक जमले होते. तिथल्या करारात लिहिलंय की सुवार्ता आणि समाजकार्य दोन्ही ख्रिस्ती माणसाचीच कर्तव्यं आहेत. त्यामुळे या वादात मी शिरत नाही. माझा मुद्दा आणखी खालचा आहे: जे काम करणार आहात ते नीट येतं का, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून करणार आहात?

यरुशलेमेचा पडका तट पुन्हा बांधायला निघालेला नहेम्या तिथे पोचला तेव्हा राजाची पत्रं हाताशी होती, लाकूड मंजूर झालेलं होतं. तरी पहिले तीन दिवस तो कुणाला काही बोलला नाही. रात्री मोजकी माणसं बरोबर घेऊन पडका तट पाहत फिरला. मग लोकांकडे गेला आणि “चला, आपण बांधू” म्हणाला. “मी बांधून देतो” असं म्हणाला नाही. तुम्हाला तीन दिवस मिळणार नाहीत, पण पहिला अर्धा दिवस नक्की काढा. त्यात फोटो नको, भाषण नको. तिथल्या माणसाबरोबर नुसतं फिरायचं आणि विचारत राहायचं. येशूने आंधळ्या बार्तीमयालाही विचारलं होतं, “मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?” त्याला काय हवं असणार हे समोर दिसत असतानाही विचारलं.

आणि तिथला जो मिस्त्री असेल, त्याच्या हाताखाली काम करा. तो म्हणाला घमेली वाहा, तर दिवसभर घमेली वाहा. तुम्ही घरी इंजिनिअर असाल, पण गिलाव्याला हात किती बसलाय हे त्याला पहिल्या थापीत कळतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे हुकूम ऐकले त्या माणसाकडून दहा दिवस हुकूम घेणं, ही मला या सगळ्या दौऱ्यातली सर्वात अस्सल उपासना वाटते. गाण्यांच्या वह्या नंतर काढा.

आरोग्य तपासणीबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल, कारण ते माझं क्षेत्र आहे. घरी जे करायची तुम्हाला परवानगी नाही ते तिथेही करायचं नाही. टाके घालणं नाही, इंजेक्शन नाही, “बघू तरी” म्हणून औषध देणं नाही. गरिबांवर हात साफ करून घेणं याला सेवा म्हणत नाहीत. रक्तदाब मोजलात आणि तो वाढलेला निघाला, तर पुढच्या महिन्यात त्या माणसाची गोळी कोण देणार हे आधी ठरलेलं हवं. ते ठरलं नसेल तर मोजून त्याच्या मनात फक्त भीती घालून याल. तिथल्या दवाखान्याशी आधी बोला, आणि रुग्णाला पुढे पाठवायची चिठ्ठी त्यांच्याच नावे द्या.

मग हे सगळं करायला तिथेच माणसं असताना आपण जायचंच कशाला? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरं गेली. पुढे कर्ट व्हेर बीक या अभ्यासकाने तिथे बांधलेल्या घरांची पाहणी केली. परदेशी मिशन टीमनी बांधलेल्या घरामागे विमानभाड्यासकट सुमारे ३० हजार डॉलर पडले होते. तिथल्या ख्रिस्ती संस्थेला असंच घर सुमारे २ हजारात बांधता येत होतं. आणि घर मिळालेल्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात ते कुणी बांधलं यावरून काही फरक दिसला नाही. हा हिशोब वाचून मी एक वर्ष गेले नव्हते, भाड्याचे पैसेच पाठवले. पुढच्या वर्षी आम्ही जायचो तिथल्या पाळकांनी आपणहून बोलावलं. म्हणाले, “पैसे मिळाले, उपयोगी पडले. पण तुम्ही का आला नाहीत असं माणसं विचारतात.” तेव्हापासून माझा नियम साधा आहे: बोलावणं असेल तर जायचं, आणि टीमच्या भाड्याइतके नाही तरी निदान निम्मे पैसे तिथल्या कामाला वेगळे द्यायचे. हा काही शास्त्रातला नियम नव्हे, माझ्या मनाच्या समाधानाचा आहे. तुमच्या पाळकांना मात्र विचारा: बोलावलंय कुणी?

ख्रिस्ताबद्दल कधी बोलायचं? पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) त्याचं उत्तर आहे: तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. आधी कुणीतरी विचारलेलं आहे, हे त्या वचनात गृहीत धरलंय. तुमच्या वागण्यातून प्रश्न निघालाच नाही तर उत्तराची घाई नको. आणि निघतो. “सुट्टी घेऊन, पदरचे पैसे घालून इथे माती कशाला उपसताय?” हे कुणी ना कुणी विचारतंच. तेव्हा लाजून “असंच, समाजसेवा” म्हणू नका. तो मात्र खोटेपणा होईल. तीन-चार वाक्यांत, स्वतःचं, खरं सांगा. पाठ केलेली साक्ष नको. “माझ्या वडिलांच्या आजारपणात मंडळीतली माणसं रात्र रात्र बसली. देव असा असतो असं तेव्हा वाटलं, म्हणून मी आले,” एवढं पुरे. मग थांबा आणि त्यांना विचारा, तुमचं कसं? त्यांचंही ऐकायचं असतं. त्यांचा देव, त्यांची श्रद्धा, त्यांची तक्रार. ऐकताना मनात पुढचं वचन शोधत बसू नका. समोरच्याला ते डोळ्यांत दिसतं.

एक रेघ मात्र ठळक ओढा. हातात द्यायची वस्तू असताना धर्माचं बोलायचं नाही. औषधाच्या रांगेत, धान्याच्या वाटपात, शाळेच्या दप्तरांबरोबर प्रार्थना किंवा पत्रक जोडायचं नाही. रांगेतला माणूस मोकळा नसतो. त्याला “नको” म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या “हो”ला किंमत नाही. हे माझं एकटीचं मत नाही. रेड क्रॉस आणि मदत संस्थांची १९९४ ची आचारसंहिता सांगते की मदतीचा वापर कुठलीही राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटायला होणार नाही. २०११ मध्ये व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद, चर्चेसची जागतिक परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल आघाडी या तिघांनी मिळून ख्रिस्ती साक्षीबद्दल एक निवेदन काढलं. एरवी फारशी एका मेजावर न बसणारी ही मंडळी. त्यांनीही आमिष दाखवणं आणि लोकांच्या गरिबीचा फायदा घेणं थेट नाकारलं आहे. जिथे जाताय तिथला कायदाही आधी समजून घ्या, कारण तुमच्या उत्साहाची किंमत तुम्ही परतल्यावर तिथल्या छोट्या मंडळीला मोजावी लागते. तुमची परतीची तिकिटं काढलेली असतात, त्यांना तिथेच राहायचं असतं.

कुणासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर विचारा: “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” चालेल म्हणाले तर थोडक्यात, हळू आवाजात, त्यांच्या आजाराचा किंवा घरातल्या भांडणाचा गावभर बोभाटा न करता. “नको” म्हणाले तर “बरं” म्हणा आणि बरं वाटूनच म्हणा. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांचं नाव घ्यायला कुणाची हरकत नाही. मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांना विचारल्याशिवाय धर्माचं काहीच नको.

प्रार्थनेला जीव उरतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. रात्री उरत नाही. रात्रीवर ठेवलंत तर “हे प्रभू” म्हणेपर्यंत घोरायला लागाल, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधारात उठून एकांतात जातो. शिष्य शोधत येतात, म्हणतात सगळे तुझा शोध करताहेत. तो म्हणतो, चला, दुसरीकडे जाऊ. मागणी आहे एवढ्याने तो थांबला नाही, हे मला दर दौऱ्यात नव्याने वाचावं लागतं. पहाटेची २० मिनिटं धरा. दहा दिवस रोज नवा अध्याय वाचायचा संकल्प करू नका. एकच स्तोत्र घेऊन जा आणि तेच रोज म्हणा. मी १३१ वं नेते. तीनच ओव्या, आईजवळ शांत बसलेल्या लेकराचं. सहाव्या दिवशी त्यातला एखादा शब्द अचानक जड लागतो. तो दिवसभर घमेल्याबरोबर वाहता येतो.

आणि ही प्रार्थना गुपचूप करा, अगदी शब्दशः. एका टीमबरोबर आम्ही पहाटे पाचला अंगणात गिटार लावून स्तुतिगीतं म्हणत होतो. चौथ्या दिवशी शेजारची बाई तान्हं बाळ कडेवर घेऊन आली आणि काही न बोलता उभी राहिली. रात्रपाळी करून आलेला तिचा नवरा झोपला होता. आम्हाला तीन दिवस वाटत होतं की लोक खिडकीतून कौतुकाने बघताहेत.

संध्याकाळी टीमने एकत्र बसायचं असतंच. तिथे बहुतेक जण “आज आपण काय केलं” याची यादी वाचतात: इतक्या भिंती, इतके रुग्ण, इतकी मुलं. मी तो प्रश्न बंद करून टाकला आहे. त्याऐवजी विचारते, “आज कुणाकडून काय घेतलंत?” पहिल्या संध्याकाळी सगळे गप्प असतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, त्या काकांनी मला फावडं धरायला शिकवलं. पाचव्या दिवशी कुणीतरी रडतं. हा प्रश्न तुमच्या टीमप्रमुखांना जमला तर सुचवून बघा.

टीमबद्दल मात्र सावध राहा. परक्यांवर प्रेम करणं दहा दिवस जमतं. शेजारच्या गादीवर मोठ्याने घोरणारा, काम टाळणारा, प्रत्येक गोष्टीत देवाची इच्छा सांगणारा आपलाच भाऊ, तिथे खरी परीक्षा. आणि वस्तीतली माणसं तुम्ही त्यांच्याशी कसं वागता यापेक्षा तुम्ही एकमेकांशी कसं वागता हे जास्त बारकाईने बघतात. भाषा येत नसली तरी सूर कळतो.

एका वर्षी टीममधली एक मुलगी औषधांची पेटी मुक्कामी विसरून आली. चाळीस माणसं रांगेत, आणि पेटी तासाभराच्या अंतरावर. मी तिला सगळ्यांसमोर, यजमान मंडळीच्या पाळकांसमोर फाडफाड बोलले. ती रडली नाही, फक्त “सॉरी ताई” म्हणाली आणि चालत निघाली. संध्याकाळी मला जेवण जाईना. खोलीत जाऊन तिची माफी मागितली असती तर सोपं होतं. पण अपमान चारचौघांत केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अंगणात, तेच लोक असताना, दुभाष्याला बरोबर उभं करून मी तिची माफी मागितली. पाय लटपटत होते. नंतर पाळकांच्या पत्नी म्हणाल्या, “आमच्याकडे येणारे लोक शिकवून जातात. माफी मागताना पहिल्यांदाच पाहिलं.” त्या वर्षी मी चार ठिकाणी साक्ष दिली होती. त्यातलं एकही वाक्य कुणाला आठवत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं.

पैशांबद्दल थोडकंच. एकट्याने, गुपचूप, कुणाच्या हातात नोटा ठेवू नका, मन कितीही कळवळलं तरी. शेजारच्या घरात त्यावरून भांडण लागतं आणि पुढच्या टीमकडे हात पसरले जातात. द्यायचं असेल तर तिथल्या मंडळीमार्फत, दोघांच्या सहीने. यरुशलेमेसाठी वर्गणी नेताना पौलानेही बरोबर माणसं घेतली होती, कुणी बोट दाखवू नये म्हणून. दुसऱ्या करिंथकरांच्या ८ व्या अध्यायात त्याने हे सरळ लिहिलंय. आणि उलट्या बाजूने संदेष्टा अलीशाचा चाकर गेहजी आठवा. अलीशाकडे आलेला सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर धन्याने नाकारलेली भेट त्याने मागून पळत जाऊन घेतली. मी वर घ्यायला शिका म्हणते ते आजींच्या भांड्यातल्या पाण्याबद्दल. गेहजीने मागितलं ते बरं करण्याचं बिल होतं. कौतुकाचंही असंच बिल लावता येतं, तेवढं जपा.

वचनं देऊ नका. “पुढच्या वर्षी नक्की येईन,” “तुमच्या मुलाच्या शिक्षणाचं मी बघते” हे निरोपाच्या भरात सुटतं. तुम्ही बसमध्ये बसेपर्यंत विसरता, ते मूल वर्षभर रस्त्याकडे बघतं. तुमचं बोलणं “होय तर होय, नाही तर नाही” एवढंच असावं, असं मत्तयात आहे. एरवी हे वचन शपथांसाठी सांगतात. मला ते निरोपासाठी जास्त लागू वाटतं. मुलांच्या वर्गातही तेच: दहा दिवस जीव लावून एकदम नाहीसं होणं त्या वयात सोपं नसतं. म्हणून वर्ग तिथली शिक्षिकाच घेईल आणि तुम्ही मदतीला असाल असं बघा. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, कितीही चांगले असलात तरी.

फोटो. १९९४ च्या त्याच आचारसंहितेत असंही आहे की संकटात सापडलेल्यांना लाचार म्हणून दाखवायचं नाही, मान असलेली माणसं म्हणून दाखवायचं. माझी कसोटी घरगुती आहे. तुम्ही आजारी असताना, विस्कटलेल्या केसांनी, अनोळखी माणसाने तुमचा असा फोटो काढून त्याखाली “देवाने मला किती दिलंय हे कळलं” असं लिहिलं तर चालेल का? चालत नसेल तर फोन खिशात ठेवा. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असं येशूने म्हटलंय आणि तुमचा प्रकाश लोकांपुढे पडो असंही त्यानेच म्हटलंय. दोन्ही एकत्र कसं जमायचं, हे मला पूर्ण सुटलेलं नाही. एवढं दिसतं की दुसऱ्या वचनाच्या शेवटी गौरव बापाचा व्हायचा असतो, माझ्या प्रोफाइलचा नव्हे.

परत आल्यावर मंडळीत साक्ष द्यायला उभं करतील. तेव्हा समजा की ज्यांच्याबद्दल बोलताय ती व्यक्ती पहिल्या बाकावर बसली आहे आणि तिला तुमची भाषा कळते. मग कोणती वाक्यं गळतात ते बघा. बरीच गळतात.

शेवटी एक वस्तू बॅगेत टाकायला सांगते: छोटी वही. रोज रात्री त्यात नावं लिहा, फक्त नावं. ज्यांच्याकडून काही घेतलंत त्यांची. लूकच्या त्या १० व्या अध्यायात शिष्य हरखून परत येतात, आपल्याला काय काय जमलं ते सांगतात, तेव्हा येशू त्यांना म्हणतो, त्यात आनंद मानू नका; तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. तिथली वही त्याच्याकडे आहे, तुमच्याकडची तुम्ही भरा आणि घरी आल्यावर वर्षभर तीच घेऊन प्रार्थनेला बसा. नावाचं स्पेलिंग त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आजींचं नाव मी ऐकून लिहिलं होतं, चुकीचं. निघायच्या दिवशी त्यांच्या नातवाने वही घेतली, ते खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरांत नीट लिहिलं. मग जरा विचार करून त्याखाली स्वतःचंही लिहिलं.